सीट खाली, म्हणून गुडघे जातात?

"बीएमएक्सचं सीट खाली असतं, त्यानं मुलांचे गुडघे जातात" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. बीएमएक्स म्हणजे चढउतारांच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत खेळायची छोटी सायकल. रोज शाळेला बसून सायकल चालवायची असेल, तर काळजी रास्तच आहे. इतक्या खाली बसून सतत पायडल मारलं की गुडघ्यावर ताण येतो. बीएमएक्सची शर्यत मात्र जवळजवळ पूर्ण उभ्यानं चालते. ट्रॅक साधारण ३०० ते ४०० मीटर, खेळ मिनिटाच्या आत. सीट वर केलं, तर उडी उतरताना तेच पोटाला किंवा मांडीला लागतं.

घरीच तपासा. सायकल धरून ठेवा, दोन्ही पायडल समपातळीत ठेवून मुलाला त्यावर उभं करा, गुडघे आणि कोपरं वाकवायला सांगा. सीट अंगाला लागत नसेल तर उंची बरोबर. लातूर-परभणीच्या उन्हाळ्यात सराव सकाळीच उरका, आणि तोंड झाकणारं हेल्मेट घातल्याशिवाय अजिबात नाही.