देवी अहिल्याबाई होळकर टर्मिनल (इंदूर मेट्रो)

इंदूर मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवरील, शहराच्या पश्चिमेकडील गांधी नगर भागातले स्थानक. मेट्रोचा डेपोही इथेच आहे. बांधकाम चालू असताना स्थानकाला 'गांधी नगर' म्हणत. ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भोपाळहून दूरदृश्य प्रणालीद्वारे या मार्गाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले. सुमारे ६ किलोमीटरच्या या टप्प्यात पाच स्थानके आहेत. पहिला आठवडा प्रवास मोफत होता.

पाचही स्थानकांना स्त्रियांची नावे आहेत. टर्मिनलनंतरची चार स्थानके आधी, तिथल्या सुपर कॉरिडॉर या रस्त्यावरून, 'सुपर कॉरिडॉर ६, ५, ४ आणि ३' अशा नुसत्या क्रमांकांनी ओळखली जात. आता ती अनुक्रमे महाराणी लक्ष्मीबाई, राणी अवंतीबाई लोधी, राणी दुर्गावती आणि वीरांगना झलकारीबाई यांच्या नावांची आहेत. गोंडवानाची दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना कामी आली. बाकीच्या तिघींची नावे १८५७-५८च्या लढ्याशी जोडलेली आहेत. या चौघी रणांगणावरच्या. टर्मिनलचे नाव त्यांच्याहून वेगळ्या कारणाने शोभते. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य चालवले आणि आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही वाटसरूंसाठी विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. भर उन्हात पायी निघालेल्या यात्रेकरूला पाणी आणि सावली मिळावी, ही त्यामागची आच होती. प्रवाशांची एवढी काळजी वाहणाऱ्या बाईंचे नाव स्थानकाला मिळावे, याहून योग्य काही सुचत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत अहिल्याबाईंविषयी बोलताना आजही 'देवी' म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. विमानतळ आणि विद्यापीठ आधीपासूनच त्यांच्या नावाचे आहेत. मात्र विमानतळही शहराच्या याच अंगाला असल्याने परगावच्या पाहुण्याला रस्ता सांगताना 'गांधी नगरचं स्टेशन' असे जोडून सांगितलेले बरे. नाहीतर विमान पकडायला निघालेला माणूस भलतीकडेच उतरायचा.

मार्गाची पायाभरणी सप्टेंबर २०१९ मध्ये झाली. चाचणी फेरी सप्टेंबर २०२३ मध्ये. तीन डब्यांच्या गाड्या अल्स्टॉम कंपनीने वडोदऱ्याजवळच्या सावली इथल्या कारखान्यात बांधल्या. वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून येते, त्यामुळे वर तारांचे जाळे नाही आणि सुपर कॉरिडॉरवरचा पूल मोकळा दिसतो.

टर्मिनल म्हटले तरी आराखड्यात ही मार्गिका सुमारे ३१ किलोमीटरची, वर्तुळाकार आहे. ती विजय नगर, पलासिया, रेल्वे स्टेशन असा शहराला वळसा घालून विमानतळाकडून पुन्हा गांधी नगरला येते. उद्घाटन झालेला टप्पा शहराबाहेरच्या, अजून विरळ वस्तीच्या भागात असल्याने सुरुवातीला रोजच्या कामाधामाच्या लोकांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. जुन्या इंदूरला खरी गरज आहे ती राजवाड्यापर्यंत पोहोचणाऱ्या भुयारी भागाची. तिथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे आणि बाजाराची गर्दीही तिथेच असते.