इन्सुलिनची हरवलेली कृती

११ जानेवारी १९२२. टोरंटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या मधुमेही लेनर्ड थॉम्प्सनला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला, पण म्हणावा तसा गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोल वापरून अर्क शुद्ध केला. २३ तारखेला तो दिल्यावर मुलाची साखर झपाट्याने उतरली. इन्सुलिनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. खरी धाकधूक पुढे होती.

जास्त माल काढायला घेतला आणि अर्क निष्प्रभ निघू लागला. काही काळ तर खुद्द कॉलिपलाही तो जमेना. चार माणसांचा भात नेमका शिजवणाऱ्या हाताला हजार पानांच्या पंगतीचा अंदाज असतोच असं नाही. इथे तर औषधाअभावी मुलं मरत होती.

मे १९२२च्या अखेरीस, जिथे हे संशोधन चाललं होतं त्या टोरंटो विद्यापीठाने इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीशी करार केला. कंपनीला १ वर्ष अमेरिकेत एकाधिकार मिळाला. बदल्यात काही सुधारणा सापडली तर ती विद्यापीठाला कळवायची. माझ्या मते या सबंध व्यवहारातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम हेच.

सुधारणा सापडलीही. कंपनीचे रसायनज्ञ जॉर्ज वॉल्डन यांनी अर्काची आम्लता नेमकी साधली. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, तसंच हे. ठरावीक आम्लतेला प्रथिनाच्या रेणूंवरचे धन आणि ऋण विद्युतभार सारखे होतात, रेणू एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि साका खाली बसतो. या साक्यात आधीपेक्षा कितीतरी शुद्ध आणि टिकाऊ इन्सुलिन होतं.

लिलीने या पद्धतीचं पेटंट मागितलं तेव्हा टोरंटोत अस्वस्थता पसरली. पण सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनाही ती स्वतंत्रपणे सापडली होती, त्यामुळे एकट्या कंपनीचा दावा सैल पडला. मूळ पेटंटचे हक्क तर टोरंटोत हा अर्क आधी तयार करणारे संशोधक फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट आणि कॉलिप यांनी जानेवारी १९२३मध्ये प्रत्येकी १ डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. पैसा करायला नव्हे, तर दुसऱ्या कुणी ते अडवून बसू नये म्हणून हे पेटंट घेतलं होतं. विद्यापीठाच्या समितीने मग इतर उत्पादकांनाही परवाने दिले आणि औषधाची ताकद तपासायची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी तर १९२२च्या शेवटी टोरंटो गाठून उत्पादनाची परवानगी मिळवली होती. त्यांच्या पत्नी मारी स्वतः मधुमेही होत्या.