लूपमागचे हात : घरच्या स्टुडिओतल्या तयार ठेक्यांची पार्श्वभूमी

श्रावण जवळ आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कानबाई या देवीच्या नव्या अहिराणी गाण्यांची यूट्यूबवर रीघ लागते. लग्नसराईच्या तोंडावर हळदीच्या आणि वरातीच्या गाण्यांचंही तेच. यातली पुष्कळ गाणी घरातल्याच एखाद्या खोलीत, एक लॅपटॉप, एक माइक आणि हेडफोन एवढ्यावर तयार होतात. ठेका बहुतेक वेळा लूपचा. कुणीतरी वाजवून ठेवलेला दोन-चार आवर्तनांचा तुकडा सॉफ्टवेअरमध्ये ओढून आणायचा, तो गाणंभर फिरत राहतो. ‘यात वाजवलं काय, सगळं आयतं’ असं म्हणणारे गावोगाव भेटतात. मला ते पटत नाही. या आयत्या तुकड्यामागे पाऊणशे वर्षांची खटपट आहे आणि खऱ्या वादकांची मेहनत आहे.

१९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत तिथले अभियंते पिएर शेफर तबकडीची खाच गोल बंद करून एकच आवाज पुन्हापुन्हा वाजवण्याचे प्रयोग करत होते. मग टेप आली. टेपचा तुकडा कापून त्याची दोन टोकं चिकटवली की लूप तयार. १९७७ च्या ‘स्टेइन अलाइव्ह’ या इंग्रजी गाण्याची गोष्ट यात मोलाची आहे. ते गाणाऱ्या बी जीज या बँडचा ड्रमर डेनिस ब्रायन घरच्या दुःखामुळे रेकॉर्डिंग सोडून गेला होता. तेव्हा त्यानेच ‘नाइट फीव्हर’ या दुसऱ्या गाण्यासाठी आधी वाजवलेला तुकडा टेपवरून काढून फिरवला गेला. श्रेयात नाव मात्र एका काल्पनिक ड्रमरचं पडलं.

ग्रेगरी कोलमनच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या एका गाण्यात त्याने वाजवलेला जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. २००६ मध्ये तो गेला, त्यापायी एक पैसाही न मिळता.

टेपची एक मोठी अडचण होती. ठेका जलद हवा म्हणून टेप जोरात फिरवली की आवाजही चढायचा, ढोलक टिमकीसारखी वाजू लागायची. १९९४ च्या रीसायकल या सॉफ्टवेअरने ठेक्याचा एकेक आघात वेगळा कापला. आघात पुढेमागे सरकवले की लय बदलते आणि आवाज तसाच राहतो. १९९८ मध्ये सॉनिक फाउंड्री कंपनीचं ॲसिड हे सॉफ्टवेअर आलं आणि लूप आपोआप गाण्याच्या टेम्पोत आणि पट्टीत बसायला लागला. घरी गाणं करणाऱ्यासाठी खरा दरवाजा इथे उघडला. त्याच सुमारास बेल्जियममध्ये फ्रूटीलूप्स निघालं. आजचं एफएल स्टुडिओ ते हेच, आपल्याकडच्या पोरांच्या लॅपटॉपवर सर्रास दिसणारं. २००४ मध्ये ॲपलने गॅरेजबँड या आपल्या सॉफ्टवेअरसोबत हजारावर लूप दिले. रिहानाच्या २००७ मधल्या ‘अंब्रेला’चा ठेका त्यातलाच, त्यामुळे लूप वापरण्यातल्या कमीपणाचा प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

खान्देशात या सॉफ्टवेअरआधी रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, रुजला होता. ऑर्केस्ट्रात आणि बँडच्या गाडीवर तो वाजवणारा माणूस असायचा, त्याचा हात ऐकू यायचा. लूपने तो खर्च वाचवला, पण सगळी गाणी एकाच वळणाचीही केली. कारण साधं आहे. तयार संग्रहांत तबला, ढोलक सापडतात. संबळ शोधावा लागतो. सातपुड्यातली पावरी, आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, तर अशा संग्रहात माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. शिवाय लूप म्हणजे ठरलेल्या बीपीएमची, म्हणजे मिनिटाला किती ठोके याची, चौकट. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर मोठे ढोल वाजतात. नाच रंगात आला की लय चढते, नाचणाऱ्यांच्या कमरेच्या घुंगरांबरोबर ती हलते. ती १२० बीपीएमच्या रकान्यात बसवली की तिचा जीव जातो.

म्हणून मला वाटतं, आपले लूप आपणच करायला हवेत. संबळवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, देऊन एक टेक घ्यावा आणि क्लिकशिवाय दुसरा. दोन्ही जपून ठेवावेत. बिदागी आधी ठरवावी, तो ठेका पुढे आणखी कुठे वापरणार तेही कागदावर लिहावं आणि व्हिडिओखाली त्याचं नाव टाकावं.

याचा व्यवहारातही फायदा आहे. रॉयल्टी फ्री लूप गाण्यात वापरता येतो, पण नुसता लूप म्हणून पुढे विकता येत नाही, आणि तो वापरण्याचा परवाना इतर हजारोंकडेही असतो. त्यातल्या कुणी आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखे आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, घातलं तर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, तुमच्या गाण्यावर येऊ शकतो. खरं तर असे सामायिक लूप तिथे हक्क सांगण्यासाठी चालत नाहीत, हा यूट्यूबचाच नियम आहे. अशा वेळी लूपची पावती आणि परवान्याचा मजकूर हाताशी असला तर क्लेमला उत्तर देता येतं. क्रॅक कॉपीवाल्याकडे, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर किंवा लूप वापरणाऱ्याकडे, दाखवायला काहीच नसतं.