यकृताचं पंक्चर

सोलापुरात सात रस्त्याला पंक्चर काढून घेत उभा होतो. शेजारी थांबलेल्या गृहस्थांच्या भावाला यकृताचा कॅन्सर, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलेलं. "पोटात गॅस भरणार म्हणे. कॅन्सरला हवा लागली की भडकतो ओ!"

नाही भडकत. गाठीला ऑक्सिजन रक्तातून रोजच मिळतो. शिवाय भरतात तो कार्बन डायऑक्साइड. काविळीची माळ बांधून महिना घालवणाऱ्याचं नुकसान मात्र खरं.

गॅस भरतात तो जागा करायला, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते नि कॅमेरा-हत्यारं फिरतात. यकृतात त्याचा आणखी एक उपयोग होतो, आणि मला तोच भारी वाटतो.

यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. आत येणारी वाट थोडा वेळ चिमटवता येते. ही युक्ती प्रिंगल या सर्जननी 1908 मध्ये मांडली. पण रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा उघड्याच राहतात. म्हणून भूलतज्ज्ञ सलाईन हात राखून देतात, आणि हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब 5 मिलिमीटर पाऱ्याच्या आत ठेवतात. पोटातल्या गॅसचा दाब साधारण 12, म्हणजे वीतभर पाण्याइतकाही नाही. तरी शिरेतल्यापेक्षा जास्तच. शीर कापली गेली तरी रक्त उसळत नाही, झिरपतं. ट्यूब सैल असली की पाण्यात बुडवूनही बुडबुडा येत नाही, तसंच.

याची उलटी बाजूही आहे: त्याच भोकातून गॅस शिरेत घुसू शकतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात पटकन विरघळतो, साध्या हवेसारखा बुडबुडा होऊन अडकून बसण्याची भीती कमी. तरीही भूलतज्ज्ञांची नजर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर असते. तो एकदम घसरला की धोका.

भोकं बारीक म्हणून ऑपरेशन छोटं, असं जाहिरातवाले भासवतात. आत यकृत पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकंच कापलं जातं, आणि कापलेला तुकडा पिशवीत घालून बऱ्याचदा ओटीपोटावरच्या मोठ्या छेदातून काढावा लागतो. यकृत आधीच निबर झालेलं असेल तर कित्येकांना हे ऑपरेशन झेपतही नाही.

शेवटी सर्जन गॅसचा दाब मुद्दाम उतरवून थांबतात. दाबाखाली गप्प बसलेली शीर तेव्हाच बोलते.

पंक्चरवाल्यानं ठिगळ लावलं, हवा भरली, ट्यूब टोपातल्या पाण्यात फिरवली. दुसरीकडून एक बुडबुडा आलाच.