सेकंड हँड कार नावावर करताना: पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी कागदपत्रं, अर्ज आणि मुदती

भाचीला पहिली कार घ्यायची होती. वय २२, पुण्यात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, घर कराडला. ओळखीतून एक छोटी हॅचबॅक समजली, रंग आवडला, किंमत खिशाला परवडणारी. मी तिला म्हटलं, गाडी बघायला जाण्याआधी आरसीच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या, दोन्ही बाजूंचे फोटो मागव. फोटो आले आणि त्यात एका बँकेचं नाव दिसलं. म्हणजे कागदावर कर्जाचा बोजा तसाच. "मामा, हप्ते दोन वर्षांपूर्वीच फिटलेत म्हणतात ते," ती म्हणाली. हप्ते खरंच फिटले होते. पण बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत बोजा उतरवायचं मालकाकडून राहून गेलं होतं. त्या एका ओळीपायी आमचे पाच आठवडे गेले.

तेव्हापासून ओळखीतलं कोणीही पहिली जुनी गाडी घ्यायला निघालं की मी आधी कागदांबद्दल बोलतो. इंजिनातली खोट मेकॅनिक दुरुस्त करतो. कागदातली खोट दुरुस्त करायला आधीचा मालक, त्याची बँक आणि आरटीओ या तिघांनाही हलवावं लागतं, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

कोणाच्या नावावर घ्यायची

कार चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. घरात सतरा वर्षांचा मुलगा असेल तर "गल्लीतच चालवतो" म्हणून त्याच्या हाती चावी देऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

गाडी मुलगी चालवणार आणि नाव वडिलांचं लावणार, असं बऱ्याच घरांत होतं. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. विम्यासोबतचं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण हे गाडीच्या मालकासाठी असतं आणि तेही त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तर. आरसी वडिलांच्या नावावर असेल आणि स्टिअरिंगवर मुलगी असेल, तर ते १५ लाखांचं कवच तिला नसतं. जो रोज चालवणार त्याच्याच नावावर गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्त्याचा प्रश्नही इथेच येतो. आधारवर कराडचा पत्ता असेल तर गाडी कराडच्या, म्हणजे एमएच-५० च्या आरटीओ कार्यालयात नावावर करून पुण्यात खुशाल चालवता येते. पुण्याचाच पत्ता हवा असेल तर तिथल्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडीचा नंबर बदलत नाही.

गाडी बघताना कागद हातात ठेवा

वर्ष निवडताना माझी एक रेघ ठरलेली आहे: जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण करून देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि रिव्हर्सचे सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याच वर्षी एप्रिलपासून. उच्च सुरक्षा नंबर प्लेटही १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कंपनीकडूनच बसून येते. नवख्या हाताला ब्रेक दाबताना एबीएसची गरज सगळ्यात जास्त असते, म्हणून बजेट थोडं ताणावं लागलं तरी या रेघेच्या अलीकडेच राहावं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. नोंदणीची तारीख त्यानंतर कित्येक महिन्यांनी असू शकते, तेव्हा उत्पादनाचंच बघा.

इंजिन किती सीसीचं, याचा थेट खर्चाशी संबंध आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विम्याचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठीचा) वर्षाचा हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ आहे, वर कर वेगळा.

मग चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक. बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली तो कोरलेला असतो. आरसीचा फोटो समोर धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचा, दुसऱ्यानं ताडून बघायचं. आम्ही भाचीच्या गाडीपाशी हेच केलं. कोरलेल्या नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात. ही चासी प्रिंट पुढे अर्जालाही लागते. आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथून निघून या.

विक्रेत्याची चालू विमा पॉलिसी नीट वाचा. त्यात नो क्लेम बोनसचा, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० पर्यंत जातो. सहा वर्षांच्या गाडीवर शून्य दिसला, तर बहुधा एकतर गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा ९० दिवसांहून अधिक काळ बंद पडला होता. दोन्ही बाबतींत कारण विचारायचं, आणि क्लेम असेल तर दुरुस्तीचं बिल मागायचं. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत दरवेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं; ते मीटरवरच्या आकड्याशी जुळवा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहिलेली सापडते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डाही बघा.

परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) कधीपर्यंत आहे ते दिसतं. थकलेली ई-चलानं वेगळी तपासा आणि व्यवहाराआधी विक्रेत्यालाच भरायला लावा.

गाडी डीलरकडून घेत असाल तर त्याचं प्राधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून नमुना २९ब मधलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. मालकानं गाडी डीलरकडे सोपवली याची नोंद नमुना २९क ने होते. ती असेल तर दरम्यानच्या काळातली जबाबदारी डीलरवर येते.

अर्ज: कोणता नमुना कोणासाठी

नमुना २९ म्हणजे मालकी बदलल्याची विक्रेत्यानं द्यायची सूचना. तिच्या दोन प्रती लागतात. नमुना ३० हा हस्तांतरणाचा अर्ज. त्यावर दोघांच्याही सह्या. आधीचा बोजा उतरवायचा असेल तर नमुना ३५ दोन प्रतींत, बँकेच्या सही-शिक्क्यासह, सोबत बँकेचं पत्र. तुम्ही स्वतः कर्ज काढून गाडी घेत असाल तर तुमच्या बँकेचा बोजा चढवायला नमुना ३४. मूळ मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर यायला हवी. त्यासाठी नमुना ३१ आहे. वारसाच्या "मी सही करतो ना" या शब्दावर पैसे देऊ नका.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पॅन कार्ड (नसेल तर फॉर्म ६०), फोटो आणि चासी प्रिंट.

अर्ज परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवरून भरायचा. गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे आकडे टाकले की नोंदीतल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथे निम्म्या लोकांची गाडी अडते. नोंदीत मालकाचा सात वर्षांपूर्वीचा, बंद झालेला नंबर असतो, किंवा शोरूममधल्या कोणाचा तरी. म्हणून विसार देण्याआधी, विक्रेता समोर बसलेला असताना, ओटीपी त्याच्या हातातल्या फोनवर येतो का ते करूनच बघा. येत नसेल तर नंबर बदलायची सोय पोर्टलवर आहे, ती त्यानं आधी वापरावी. दोघांचे मोबाइल आधारशी जोडलेले असतील तर आधार ओटीपीच्या मार्गानं काम घरबसल्या होतं. तसं नसेल तर अर्जाची छापील प्रत सह्यांसह कार्यालयात द्यायची. आरसीवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर हा दुसरा मार्ग धरावा लागतो.

हलक्या मोटारीच्या हस्तांतरणाचं शुल्क केंद्रीय नियमांत ३०० रुपये आणि नवा बोजा चढवायचं १,५०० रुपये आहे. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे वेगळे. एकूण रक्कम अर्ज भरताना पडद्यावर येते, एजंटचा आकडा तिच्याशी ताडून बघा.

मुदती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये आहेत. एकाच राज्यात विक्री असेल तर विक्रेत्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. "फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवा, सावकाश करा" असा सल्ला मिळेल. तो मानू नका. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगा. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदणीकृत मालकावर टाकली. हे ऐकल्यावर सह्या लवकर होतात.

विम्याचे चौदा दिवस

आरसीच्या गडबडीत विमा हमखास विसरला जातो. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर करायला विक्रीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यायचा असतो. नवी आरसी हातात येईपर्यंत थांबू नका, २९ आणि ३० च्या प्रती जोडून कळवा. नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असतो, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे उरलेल्या काळासाठी फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. भाव ठरवतानाच ती धरून चला.

परराज्यातली गाडी

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागतं आणि इथे वयानुसार रस्ता कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. विक्रेत्याला अशा व्यवहारात ४५ दिवसांची मुदत आहे. पहिलीच गाडी असेल तर या वाटेला जाऊ नये, असंच मी सांगेन. शिवाय खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून नूतनीकरण करायचं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरायचा.

नवी आरसी आल्यावर

नाव, पत्ता, चासी आणि इंजिन नंबर त्याच दिवशी तपासा. बोजाची ओळ गेली आहे का तेही बघा, कारण नमुना ३५ देऊनही ती कधीकधी राहून जाते. डिजिलॉकरमध्ये आरसी उतरवून घ्या. पोलिसांना ती मूळ प्रतीसारखीच चालते. विक्रेत्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि आपल्या नावाचा घ्या, नाहीतर तुमच्या टोलचे पैसे त्याच्या खात्यातून जात राहतील. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा प्लेट बसली आहे का ते बघा.

भाचीच्या आरसीवर आडनावातला एक काना राहून गेला होता. दुरुस्तीचा अर्ज तिनं स्वतःच भरला, मला विचारलंही नाही.