रवंथ करणारे मन आणि आठ आठवडे : एमबीसीटीची पार्श्वभूमी

डिप्रेशन बरे झाले, गोळ्या थांबल्या, माणूस कामाला लागला. आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माइंडफुलनेस बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे एमबीसीटी, जन्मली ती या अडचणीतून. आज ती ताण, झोप, ऑफिसची कटकट अशा सगळ्यांवरचा उतारा म्हणून विकली जाते. मुळात मात्र ती बरे झालेल्या पेशंटसाठी होती, पुन्हा आजारी पडू नये म्हणून.

एरन बेक यांची कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे मनातले नकारात्मक विचार तपासून बदलायला शिकवणारा उपचार, १९६० च्या दशकापासून रुजत होती. ती घेतलेल्यांना आजार उलटण्याचा धोका कमी असतो, हेही दिसत होते. १९९२ मध्ये टोरांटोचे झिंडेल सीगल, वेल्समधल्या बँगोरचे मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीसडेल यांनी या थेरपीची 'देखभाल आवृत्ती' तयार करायला घेतली. टीसडेल यांचे म्हणणे असे की, एकदा डिप्रेशन येऊन गेलेल्या माणसाला साधी उदासी आली तरी जुने विचार साखळीने जागे होतात. मग मन रवंथ करू लागते. 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' हा विचार खरा की खोटा, याचा वाद घालण्यापेक्षा तो निव्वळ विचार आहे हे ओळखता येणे जास्त कामाचे.

हे शिकवायचे कसे? मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या तिघांना जॉन कबात-झिन यांचे नाव सुचवले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टरमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला होता. इथे आपल्याकडचा एक धागा सापडतो. त्या वर्गातला 'बॉडी स्कॅन', म्हणजे शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणे, ब्रह्मदेशातले विपश्यना शिक्षक ऊ बा खिन यांच्या परंपरेतून आलेला. त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. 'माइंडफुलनेस' हा शब्दही पालीतल्या 'सती'चे, म्हणजे स्मृतीचे, इंग्रजी भाषांतर. मराठीत त्याला 'सजगता' म्हणतात. मला 'भान' जवळचा वाटतो. 'भानावर ये' हे आपण रोजच म्हणतो.

तिघांनी आधी ध्यानातले फक्त तंत्र उचलले आणि कार्यक्रमाला 'अवधान-नियंत्रण प्रशिक्षण' असे रुक्ष नाव दिले. पण तीव्र भावना उसळल्या की ते जुन्या थेरपिस्टच्या भूमिकेत शिरत, अडचण सोडवायला धावत. वूस्टरचे शिक्षक तसे करत नव्हते. दुःखाला आधी बसू देत. शिकवणाऱ्याने स्वतः रोज ध्यानाला बसले पाहिजे, ही अट तिथूनच आली. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. संशोधकांना आपल्या सवयी मोडाव्या लागल्या. मग आठ आठवड्यांचा गटवर्ग ठरला. त्यात एक मनुका सावकाश चाखण्यापासून सुरुवात आणि रोजचा गृहपाठ.

२००० मध्ये तीन केंद्रांतल्या १४५ जणांवरच्या चाचणीचा निकाल आला. तीन किंवा अधिक वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांत नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्क्यांना ते उलटले, एमबीसीटी घेतलेल्यांत ३७ टक्क्यांना. ज्यांना दोनदाच येऊन गेले होते त्यांना फायदा झाला नाही. २००४ मध्ये कोणते उपचार वापरावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने शिफारस केली तीही तीन किंवा अधिक वेळा आजारी पडलेल्यांसाठीच. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ४२४ जणांच्या चाचणीत, एमबीसीटीच्या आधाराने गोळ्या कमी करणाऱ्यांपैकी ४४ टक्के आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के दोन वर्षांत पुन्हा आजारी पडले. म्हणजे ती गोळ्यांपेक्षा सरस ठरली नाही, पण गोळ्या नकोशा झालेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक वाट मिळाली.

त्यानंतर सजगतेचे धडे ब्रिटनच्या शाळांतही नेले गेले. ८ हजारांहून अधिक मुलांच्या त्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये लागला: शाळेत आधीपासून जे शिकवले जात होते, त्याहून जास्त उपयोग दिसला नाही.