स्ट्रॅटेजी गेममधली लढाई आणि कॉम्प्युटर प्रतिस्पर्धी

स्ट्रॅटेजी गेममध्ये समोर खरा प्लेअर नसेल तेव्हा जी सेना कॉम्प्युटर चालवतो तिला बॉट किंवा नुसतं एआय म्हणतात. गेम रिअल टाइम (दोघं एकाच वेळी खेळतात) असो नाहीतर टर्न बेस्ड (आळीपाळीने चाल), बहुतेक बॉटचं लढणं ठराविक नियमांवर चालतं आणि ते नियम कळले की कमी सेनेत पण त्याला हरवता येतं. नवीन प्लेअरला वाटतं की त्यासाठी भारी युनिट, म्हणजे सैनिक किंवा यंत्रं, पाहिजेत, पण खरा फरक पडतो तो एका वेळी कुठल्या बाजूचे किती जण प्रत्यक्ष मारा करतायत याने.

याचं गणित फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना मांडलंय. लांबून मारा करणारे सारखेच युनिट समोरासमोर आले तर ताकद संख्येच्या वर्गावर ठरते. १० तिरंदाज विरुद्ध ६ तिरंदाज घ्या, १०० वजा ३६ म्हणजे ६४, त्याचं वर्गमूळ ८, म्हणजे समोरचे सहाही मरतात आणि आपले चार नाही, आठ उरतात. आता आपल्याकडे १० आणि बॉटकडे १२ आहेत असं धरा. बारा एकदम आले तर आपण साफ, त्यांचे सहा-सात शिल्लक. पण तेच बारा चार-चारच्या टोळ्या करून एकामागून एक आले तर आपल्या १०० मधून दर वेळी १६ जातात, ८४, ६८, ५२, म्हणजे बाराच्या बारा संपतात आणि आपले सात वाचतात! सेना तीच, युनिट तेच, फक्त येण्याची वेळ बदलली. तलवारवाले मात्र अरुंद खिंडीत अडकले की पुढचे दोघंच लढतात आणि मागचे नुसते उभे, तिथे वर्गाचा नियम लागत नाही, आणि म्हणूनच सेना कमी असली की खिंड धरायची.

बॉट नेमका इथेच मार खातो, कारण बरेच बॉट युनिट तयार झालं की पुढे पाठवतात आणि सगळ्यांनी जमून जायचं हा विचार त्यांच्यात कच्चा असतो. बॅटल फॉर वेसनॉथ या २००३ पासून चालत आलेल्या फुकट, ओपन सोर्स गेममध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं. ऑर्क सेनेतला वुल्फ रायडर एका टर्नमध्ये ८ घरं जातो, ग्रंट ५ आणि ट्रोल व्हेल्प ४, त्यामुळे एकाच वेळी निघाले तरी लांडगेवाले आधी येऊन पोचतात, एकटे, आणि आपण तिघा-चौघांनी घेरून ते संपवले की मग ग्रंट येतात. माणूस खेळत असता तर त्याने लांडगेवाले थांबवले असते किंवा बाजूने पाठवून गावं घेतली असती.

याच गेमच्या एआयमध्ये अग्रेशन नावाचा एक आकडा आहे, साधारणपणे ०.४ असतो. हल्ला करायचा की नाही ठरवताना एआय समोरच्याचं नुकसान मोजतो आणि त्यातून स्वतःचं नुकसान वजा करतो, पण स्वतःचं पूर्ण धरत नाही, १ वजा अग्रेशन एवढंच धरतो, म्हणजे ०.४ असेल तर स्वतःचं १०० चं नुकसान त्याला ६० वाटतं. म्हणून तो आमिषाला हमखास भुलतो. चांगला डिफेन्स (समोरच्याचा वार चुकण्याची शक्यता) असलेलं एक दणकट युनिट, उदाहरणार्थ डोंगरावरचा बुटका ज्याला ७०% डिफेन्स मिळतो, अशा जागी उभं करायचं की त्याच्यावर हल्ला करायला शत्रूला उथळ पाण्यात उभं राहावं लागेल, तिथे बहुतेक पायदळाचा डिफेन्स २०% वर येतो. एआय येतो, पाण्यात उभा राहतो, आणि पुढच्या टर्नला आपले सगळे त्याच्यावर तुटून पडतात. ऑर्कसारख्या केऑटिक, म्हणजे अंधारात जोर येणाऱ्या, युनिटचा मारा रात्री २५% वाढतो आणि दिवसा तेवढाच कमी होतो, त्यामुळे रात्रभर रेषा धरून ठेवायची आणि उजाडलं की उलटा हल्ला, हा डाव माणसांविरुद्ध सुद्धा चालतो.

रिअल टाइम गेममध्ये चित्र वेगळं आहे कारण तिथे बॉटचा हात माणसापेक्षा फास्ट असतो. एज ऑफ एम्पायर्स २ च्या २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये मँगोनेल या दगडफेक्या यंत्राचा दगड सुटला की बॉटचे तिरंदाज बाजूला सरकतात, एकाच वेळी सगळीकडे, आणि हे माणसाला हाताने करायचं म्हणजे त्या क्षणी बाकी सगळं सोडून तिथेच बघावं लागतं. त्या बॉटची एक्स्ट्रीम लेव्हल फुकटचे रिसोर्स न घेता खेळते. स्टारक्राफ्ट २ मध्ये मात्र सगळ्यात वरच्या तीन लेव्हलना सरळ चीटर असंच नाव दिलंय, पहिलीला पूर्ण मॅप दिसतो आणि पुढच्या दोघींना वर जादा कमाई पण मिळते. हे उघड सांगितलंय ते मला फार बरं वाटतं, कारण प्लेअरला कळतं की इथे लपूनछपून काही करण्यात अर्थ नाही, लढाईच नीट लढायला पाहिजे.

नियम न लिहिता शिकवून तयार केलेला बॉट म्हणजे डीपमाइंड या गूगलच्या एआय कंपनीचा अल्फास्टार. जानेवारी २०१९ मध्ये त्याने स्टारक्राफ्ट २ मध्ये टीएलओ आणि माना या दोन प्रो प्लेअरना ५-० ने हरवल्याचं जाहीर झालं, पण त्याच कार्यक्रमात झालेली लाइव्ह मॅच मानाने जिंकली, आणि ती कशी जिंकली ते बघण्यासारखं आहे. त्याने वॉर्प प्रिझममध्ये (युनिट उडवत नेणारं वाहन) दोन इमॉर्टल, म्हणजे दणकट लढाऊ युनिट, भरून अल्फास्टारच्या बेसमध्ये उतरवायला सुरुवात केली, अल्फास्टारची मोठी सेना निघालेली असायची ती परत फिरायची, की माना इमॉर्टल उचलून बाहेर, सेना पुन्हा निघाली की माना पुन्हा आत. चार युनिट बेसमध्ये ठेवून बाकीचे पुढे पाठवायचे हे अल्फास्टारला सुचलंच नाही, आणि तेवढ्या वेळात मानाने आपली सेना उभी केली. नंतर ऑक्टोबर २०१९ पर्यंत सुधारलेला अल्फास्टार गेममधल्या तिन्ही रेसमध्ये (सेनेचे प्रकार) ग्रँडमास्टर या सगळ्यात वरच्या लेव्हलला गेला, त्याच्या ट्रेनिंगमध्ये असे वेगळे बॉट ठेवले होते की ज्यांचं काम जिंकत राहणं नव्हतं, मुख्य बॉटची अशीच भोकं शोधून काढणं होतं.

सरावासाठी बॉट उत्तम आहेत, बिल्ड ऑर्डर (काय कुठल्या क्रमाने बांधायचं) आणि हॉटकी (कीबोर्डचे शॉर्टकट) हातात बसवायला तर दुसरा पर्यायच नाही. पण स्काउटिंगची, म्हणजे शत्रू काय करतोय ते बघून येण्याची, सवय त्यांच्यामुळे बिघडते, कारण साधा बॉट दर वेळी त्याच सुमाराला त्याच वाटेने येतो आणि मग प्लेअर बघायचंच सोडून देतो. शिवाय आमिष टाकून थांबायची सवय लागते, आणि माणूस ते आमिष बघून सरळ दुसऱ्या बाजूने येऊन बेस जाळतो, म्हणून बॉटशी खेळतानाही दर काही मिनिटांनी एक स्काउट पाठवायचाच, गरज नसली तरी.